मार्ग क्रमांक चौसष्ट

मिनिटसाहेबांनी डोंगरवाटेचं पहिलं वेळापत्रक केलं त्याला आता आठ वर्षं होतील. ते इतकं निर्दोष झालं होतं की प्रत्यक्ष चालून ते खराब करायला त्यांचा जीव होईना. दुसरं त्याहून सरस उतरलं. तिसऱ्यात पाचव्या दिवसाचा मुक्काम सूर्यास्तानंतर चार मिनिटांनी पडत होता, आणि त्या चार मिनिटांचं काय करायचं हे न सुटल्यामुळे ते वर्षही तसंच गेलं. चौथं वेळापत्रक त्यांनी जाड कागदावर शाईने उतरवून काढलं. जिवाभावाच्या माणसांना ते कधीमधी दाखवत, आणि माणसं म्हणत, "वा! कसा होता प्रवास?" तेव्हा मिनिटसाहेब विषय बदलत.

ही डोंगरवाट म्हणजे शहराच्या टोकाच्या पुलापलीकडून चढणारी, मग डोंगराच्या धारेधारेने जाणारी आणि सातव्या दिवशी समुद्रकाठच्या दीपगृहाशी उतरणारी शहाण्णव किलोमीटरची पायवाट. जाणाऱ्याला चुकायला नको म्हणून दगडादगडावर पांढरा पट्टा ओढलेला. आणि मिनिटसाहेब म्हणजे शहराच्या बस डेपोतल्या वेळापत्रक विभागाचे प्रमुख. विभागात ते धरून दोनच माणसं होती, त्यामुळे प्रमुखपण फारसं जाणवत नसे. पण सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एका मिनिटाचीही चूक झाली नव्हती. गाड्या अर्धा-अर्धा तास उशिरा धावत, तो भाग वेगळा. ती गाड्यांची चूक.

तर त्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत वहिनी म्हणाल्या, "अहो, मी रजा टाकली."

वहिनी म्हणजे मिनिटसाहेबांच्या पत्नी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करत. अख्ख्या इमारतीच्या त्या वहिनी होत्या.

"कसली रजा?"

"चालायची. पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार ते शुक्रवार. बूटही घेतले. बघा."

बूट खरंच होते. दाराशी पाय जुळवून उभे होते, पाहुण्यासारखे.

"अगं, पण यंदाचं वेळापत्रक अजून..."

"करा की तुम्ही वेळापत्रक. मी चालते." वहिनींनी कपातला चहा संपवला. "दुकानात समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. वीस फुटांवर. सतरा वर्षं मी आल्यागेल्याला म्हणते आहे, तिकडे बघा, काय दिसतंय सांगा. मी स्वतः वीस फुटांपलीकडचं शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. मला लांबचं बघायचंय. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर. नाहीतर एकटी."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मिनिटसाहेबांना बरं वाटलं असतं. रागाला उतरायला वेळ किती लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पण वहिनी अगदी साध्या आवाजात बोलल्या, दूध संपलंय म्हणावं तशा.  चार वेळापत्रकांत मिळून त्यांनी जोडीचे अठ्ठावीस दिवस आखले होते. 'एकटी' हा शब्द त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

आणि पाचवं वेळापत्रक सुरू झालं.

पहिलं पाऊल म्हणजे अक्षरशः पाऊल. इमारतीच्या व्हरांड्यात खडूने रेघा मारून मिनिटसाहेबांनी आपली आणि वहिनींची चाल मोजली. वहिनींची भरभर निघाली, स्वतःची जरा मागे. सरासरी काढून त्यांनी दोघांना मिळून ताशी चार किलोमीटर ठरवली. दोघांपैकी कुणीच त्या गतीने चालत नव्हतं, पण कागदावर संसार सुखाचा दिसला. मग थांबे आले. पाणी पिणे, तीन मिनिटं. बुटाची नाडी, दोन मिनिटं, दिवसातून चारदा. दृश्य पाहणे, पाच मिनिटं.

"पाचच?" वहिनींनी विचारलं.

"मोठं असेल तर सात."

ही बातमी वरच्या मजल्यावर पोचायला दोन दिवस लागले, आणि वरून सल्ला खाली यायला दोन मिनिटं. वरच्या मजल्यावर दंतवैद्य राहत. जबड्यात अडकून पडलेलं त्यांचं ज्ञान बाहेर पडायला सारखी वाट शोधत असे. "पाय!" जिन्यातच मिनिटसाहेबांना गाठून ते म्हणाले, "सगळं पायात आहे. नवे बूट रात्रभर पाण्यात भिजत घालायचे आणि ओलेच घालून हिंडायचं. पायाचा साचा घेतात ते. कवळी जशी तोंडाचा साचा घेते, तशी."

"तुम्ही गेला होतात का कधी?"

"मी कशाला जाऊ? मला माहितेय की."

दुसरा सल्ला त्यांचाच. पाठीवरच्या ओझ्याची सवय आधी करायची. पिशवीत विटा भरायच्या आणि जिना चढ-उतार करायचा. मिनिटसाहेबांनी तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींकडून पाठपिशवी शिवून घेतली होती. मावशी कुठलंही काम अर्ध्यावर सोडत नसत, म्हणून पिशवीला अकरा कप्पे झाले, बाराव्याला जागा उरली नाही म्हणून. प्रत्येक कप्प्यात एक वीट घालून मिनिटसाहेब रविवारी सकाळी जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर अचानक चढ कडक झाला. पाय उचलेना, पुढे सरकता येईना. 'हाच तो थकवा,' असं मनाशी म्हणत, पुस्तकात वाचल्याप्रमाणे खोल श्वास घेऊन त्यांनी सगळा जोर लावला. वस्तुस्थिती अशी की पिशवीचा एक पट्टा संगीतशिक्षिकेच्या दाराच्या मुठीत अडकला होता. आतून शिक्षिकेनं दार उघडलं. दार आत गेलं, त्याबरोबर पिशवी गेली, पिशवीबरोबर मिनिटसाहेब गेले, आणि पाठमोरे, हात पसरून, अकरा विटांसकट ते पियानोच्या स्टुलावर जाऊन बसले. समोर सहा विद्यार्थिनी वह्या घेऊन बसल्या होत्या.

"नवीन शिक्षक का?" एकीनं विचारलं.

मिनिटसाहेबांनी उठून, कपडे झटकून, आपण सातदिवसीय पदभ्रमणाची पूर्वतयारी करत असल्याचं निवेदन दिलं. निवेदन नीट झालं. फक्त बाहेर पडताना ते चुकून कपड्यांच्या कपाटात शिरले.

आता कार्यालयाकडे येऊ, कारण खरा डोंगर तिथेच होता.

रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असे. आजारपण, लग्न, मृत्यू, घरदुरुस्ती आणि कोर्ट, एवढी पाच कारणं छापलेली होती. मिनिटसाहेबांनी पाचही खोडून खाली 'चालणे' असं लिहिलं. रजा-कारकुनाने अर्ज उजेडाकडे धरून पाहिला.

"चालणे हे कारण नाही होत, साहेब."

"मग काय होतं?"

"कुठे चालणे? कुणाच्या मागे? कुणी वारलंय का?"

"कुणी वारलेलं नाही. मी आणि बायको..."

"हां!" कारकुनाचा चेहरा उजळला. "बायको! मग आधी बोलायचं ना. 'घरगुती अडचण' लिहितो." आणि सहानुभूतीने आवाज खाली आणून तो म्हणाला, "होतं असं. सात दिवसांत मिटेल सगळं."

रजा मिळाली. पुढचे आठ दिवस डेपोतलं प्रत्येक माणूस मिनिटसाहेबांच्या खांद्यावर हळुवार हात ठेवून जात होतं. कॅन्टीनवाल्याने तर न सांगता चहात जादा साखर घातली.

उरला वनखात्याचा प्रश्न. धारेवर सहा विश्रामगृहं होती आणि ती वनखात्याच्या ताब्यात होती. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला आणि विचारलं, "वाहन क्रमांक?"

"आम्ही पायी जाणार आहोत."

"पायी असलात तरी वाहन क्रमांक लागतोच."

"पायी जाणाऱ्याला वाहन कुठून असेल?"

"ते मला नका विचारू. रकाना आहे." मग बाईंना त्यांची दया आली. "असं करा. तुम्ही नोकरीत आहात ना? कोणत्या दिवशी कुठे पोचणार, कधी निघणार, त्याचा तक्ता तुमच्या कार्यालयाच्या कागदावर आणा. सही-शिक्क्यासकट. म्हणजे मला फायलीला लावता येईल."

तक्ता! मिनिटसाहेबांना आकाश ठेंगणं झालं. सगळं जग त्यांच्याकडे काहीबाही मागत आलं होतं. आज पहिल्यांदा कुणीतरी तेच मागितलं जे त्यांच्यापाशी होतं.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी वेळापत्रक विभागाबाहेरच्या माणसाच्या हातून कधीच घडली नसती. कार्यालयाच्या कागदावर तक्ता म्हणजे मिनिटसाहेबांना एकच नमुना ठाऊक होता: मार्ग-तक्ता. थांब्याचं नाव, पोच, सुटका, अंतर. त्यांनी तो पाण्याच्या, नाडीच्या थांब्यांसकट भरला. आरंभ, बाजार चौक. खरं म्हणजे वाट पुलापासून सुरू होई, पण मार्ग थांब्यापासून सुरू व्हायला हवा, पुलापासून कसा होईल? सुटका, सहा दहा. शेवट, दीपगृह. वाहनाचा प्रकार या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे 'पायी' असं लिहिलं. वर 'मार्ग क्रमांक' अशी जागा होती. ती त्यांना मोकळी ठेवता येईना. त्यांनी पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत उचललं. क्रमांकाविना मार्ग म्हणजे नावाविना मूल. त्यांच्या टेबलावरून असं कधीच काही गेलं नव्हतं. शेवटचा मार्ग त्रेसष्ट होता. त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं: चौसष्ट.

विभागातलं दुसरं माणूस म्हणजे टायपिस्ट बाई. त्यांनी नेहमीप्रमाणे तीन प्रती काढल्या. मोठ्या साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता तिन्हींवर सही केली; सव्वीस वर्षांत एकही चूक नाही म्हटल्यावर वाचणं हा अपमानच झाला असता. एक प्रत वनखात्यात गेली आणि विश्रामगृहं मिळाली. एक मिनिटसाहेबांच्या खिशात गेली. तिसरी, नेहमीप्रमाणेच, छापखान्यात गेली.

तिचा पत्ता लागला तो निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी चार वाजता. बाजार चौकातून घरी जाताना थांब्यावर नवी पाटी दिसली. निळ्यावर पांढरी अक्षरं, ओळी सरळ, रकाने समान. 'छान केलंय काम,' असं मिनिटसाहेब मनात म्हणाले आणि आणखी दोन पावलं पुढे गेले. मग ते थांबले. मग ते मागे आले. मार्ग क्रमांक चौसष्ट. बाजार चौक ते दीपगृह. सुटका, सकाळी सहा दहा, उद्यापासून.

पाटीवर वाहनाचा प्रकार छापत नाहीत. त्याला रकाना नसतो.

 मिनिटसाहेब उलट पावली डेपोत धावत गेले, म्हणजे ताशी पाच किलोमीटरने. मोठे साहेब दौऱ्यावर होते. टायपिस्ट बाई पर्स आवरत होत्या.

"ती पाटी आत्ताच्या आत्ता काढायला हवी!"

"काढता येत नाही, साहेब," टायपिस्ट बाई म्हणाल्या. "एकदा लागलेला मार्ग रद्द करायचा तर तीस दिवसांची जाहीर सूचना, मग हरकती, मग सुनावणी."

"हा कुठला मूर्ख नियम?"

"तुमचाच. गेल्या वर्षी तुम्हीच केलात. छान झालाय म्हणून सगळ्यांना वाचूनही दाखवलात."

घरी पोचेपर्यंत इमारतीत बातमी आलेली होती. दंतवैद्यांनी जिन्यातच हात हातात घेतला. "अभिनंदन! एवढी वर्षं लोक ओरडत होते, डोंगरावर गाडी हवी म्हणून. करून दाखवलंत! आणि बोलला नाहीत, हे मला फार आवडलं."

आत वहिनी पिशवीचे अकरा कप्पे भरत होत्या. मिनिटसाहेबांनी सगळं सांगितलं. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "तेव्हा उद्या सकाळी मला थांब्यावर उभं राहावं लागेल. लोक येतील, त्यांना समजावून सांगायला हवं. माझ्या नावाचा प्रश्न आहे. असं करू, तू उद्या पुढे हो, मी परवा... नाहीतर पुढच्या महिन्यात दोघंही..."

वहिनींनी आठवा कप्पा बंद केला. नववा उघडला. कितीतरी वेळ त्या मोज्यांच्या जोड्या लावत राहिल्या, आणि जोड्या तर केव्हाच लागलेल्या होत्या.

"आठ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दरवर्षी काहीतरी चार मिनिटांचं निघतं." मग हसून म्हणाल्या, "सहा दहा ना? मी सहा दहाला निघेन."

हसल्या, पण ते हसू मिनिटसाहेबांना आवडलं नाही. ते हसू एका माणसापुरतं होतं.

शनिवारची सकाळ मोठी गोड उजाडली. चौकातली दुकानं अजून मिटलेली, रस्ता धुतल्यासारखा, आणि झाडाझाडातून पाखरांची अशी गडबड की जणू त्यांचीही गाडी सुटायची होती. थांब्यावर नऊ माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे दंतवैद्य. "दोन थांबे जाऊन परत येतो," ते म्हणाले. "पहिल्या गाडीत बसायचं पुण्य वेगळंच." त्यांचे बूट रात्रभर पाण्यात होते, चालताना बेडकासारखा आवाज येत होता. त्यांच्यामागे एक मधपाळ, मधमाश्यांची रिकामी पेटी काखेत. त्यामागे एकच छत्री दोघींत धरलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी, डोंगरावर खिंडीत राहणाऱ्या. मग बाकीचे पाच. मिनिटसाहेबांनी खिशातून तक्ता काढला, घसा खाकरला आणि रांगेसमोर उभे राहिले.

"मंडळी, एक छोटीशी गैरसमजूत झाली आहे. मार्ग क्रमांक चौसष्टवर गाडी नाही."

"अजून सहा दहा कुठे झालेत?" मधपाळ म्हणाला.

"तसं नाही. गाडीच नाही. तुम्ही पाटी नीट वाचलीत का? दीपगृहाला पोच पुढच्या शुक्रवारी आहे. शहाण्णव किलोमीटरला सात दिवस! कुणालाच शंका आली नाही?"

नऊही जणांनी वर पाटीकडे पाहिलं.

"त्यात शंका कसली?" थोरली बहीण म्हणाली. "आपल्या गाड्या तेवढ्याच वेळात जातात."

"निदान आधी लिहिलं तरी," मधपाळ म्हणाला. "मला तर कौतुक वाटलं. म्हटलं, डेपोत एक तरी सरळ माणूस आहे."

"आणि नाडीला दोन मिनिटं दिलीत," धाकटी म्हणाली, "हे फार चांगलं केलंत हो. कंडक्टर लोक वाकू पण देत नाहीत."

मिनिटसाहेबांनी सव्वीस वर्षं असं कौतुक ऐकण्याची वाट पाहिली होती, आणि ते आलं तेव्हा स्वीकारायची सोय नव्हती. त्यांनी परत समजावायला सुरुवात केली. नमुना म्हणजे काय, रकाना म्हणजे काय, तीन प्रती कुठे जातात. रांग मन लावून ऐकत होती. बोलता बोलता मिनिटसाहेब रंगले. छापखान्याच्या कार्यपद्धतीपर्यंत पोचले, तीस दिवसांच्या सूचनेपाशी आले...

"अहो," मागून वहिनी म्हणाल्या. "सहा दहा."

आणि त्या निघाल्या.

नवे बूट, पाठीवर अकरा कप्पे, आणि मान सरळ. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चौक ओलांडला, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान ओलांडलं.

मधपाळाने आपल्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "वेळेवर सुटली," तो आश्चर्याने म्हणाला, आणि पेटी दुसऱ्या काखेत घेऊन वहिनींच्या मागे चालू लागला. दोन्ही बहिणी चालू लागल्या. "नेहमी पायीच जातो आपण," थोरली म्हणाली, "आज वेळेवर तरी जाऊ." दंतवैद्यांना मात्र आपला पहिला नंबर गेल्याचं लक्षात आलं. फचक-फचक आवाज करत ते पुढे धावले आणि मधपाळाच्या पुढे घुसले. राहिलेल्या पाचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रांग न मोडता तेही निघाले.

थांब्यावर मिनिटसाहेब एकटे उरले. हातात तक्ता, डोक्यावर पाटी, आणि समोर त्यांचा अख्खा मार्ग त्यांना टाकून चालला होता. रस्त्याच्या टोकाशी वहिनींची पाठ लहान लहान होत होती. आजवर ते ज्या थांब्यावर आले होते तिथली गाडी त्यांच्याशिवाय कधी सुटली नव्हती. ते नेहमी सात मिनिटं आधी येत. आता तिथे उभं राहून हरकती ऐकायला कुणी नव्हतं, आणि सुनावणी घ्यायलाही कुणी नव्हतं. नावाचा प्रश्न होता, तो रांगेसकट कोपऱ्यावरून वळून गेला होता.

मिनिटसाहेबांनी तक्ता खिशात कोंबला, घडी न घालता, आणि ते धावले.

खरंच धावले. दोन गल्ल्यांतल्या कुत्र्यांनी साथ दिली. एका दूधवाल्याने कौतुकाने शिट्टी मारली. एका बुटाची नाडी सुटली, तिला द्यायला दोन मिनिटं नव्हती, म्हणून ती तशीच फटके मारत राहिली. पुलावर त्यांनी सगळ्यांना गाठलं तेव्हा तोंडून शब्द फुटत नव्हता. वहिनी रेलून पाण्याकडे बघत होत्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलं: शर्ट बाहेर, केस उभे, चेहरा टोमॅटोसारखा.  पाण्याची बाटली पुढे केली, आणि मग त्यांच्याजवळ सरकून सुटलेली ती नाडी स्वतः वाकून बांधली.

"येणार होतात परवा," त्या खाली बघत म्हणाल्या.

"अगं, परवाचा..." मिनिटसाहेबांना धाप लागली होती. "परवाचा रकाना... भरला होता."

धाकटी बहीण हे सगळं कौतुकाने बघत होती. चढ लागला तशी ती गुणगुणू लागली, आणि थोरलीने दुसरी ओळ जोडली:

पुढं पुढं जाते वाट, तिला ना गं घाई,
घड्याळजी मागे आले, धाप थांबत नाही!

दिवसभर मग हेच गाणं. दर वळणावर त्याला नवं कडवं फुटे आणि प्रत्येक कडव्यात मिनिटसाहेबांचा काही ना काही अपमान असे. त्यांनी एकदोनदा कपाळाला आठ्या घालून पाहिल्या, पण चढावर आठ्या टिकत नाहीत, श्वासाला लागतात. पहिल्या थांब्यावर, जुन्या खाणीपाशी, दंतवैद्यांनी बूट काढले. पायाला इतके फोड आले होते की त्यांनी ते दात मोजल्यासारखे मोजले. "साचा फारच घट्ट बसला," एवढंच म्हणाले, आणि अनवाणी, पण मान ताठ ठेवून, परत खाली गेले. पाच जणांच्या पाच वस्त्या आल्या, तसे ते एकेक करून गळत गेले. मधपाळ आपल्या वाडीच्या फाट्यावर वळला, वळताना त्याने मिनिटसाहेबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "गाडी चांगली होती. हादरे कमी."

आणि मग झाडी संपली.

वाट धारेवर आली आणि दोन्ही बाजूंनी जग खाली सरकलं. डोंगरामागे डोंगर, त्यामागे फिकट डोंगर, त्याहून फिकट, शेवटी रंगच उरला, डोंगर नाही. ढगांच्या सावल्या उतारावरून गुरांसारख्या चरत चालल्या होत्या. वहिनी थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि बघत राहिल्या. ओठ हलत होते. जणू वरून खाली एकेक ओळ वाचत होत्या, सगळ्यांत बारीक अक्षरापर्यंत.

मिनिटसाहेबांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. दृश्य, पाच मिनिटं. मोठं असेल तर सात. त्यांनी बाही खाली ओढली.

"सगळं दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "संपतच नाहीये." आणि त्यांचा हात धरला, गर्दीत धरावा तसा, आणि तिथे तर गर्दी नव्हती.

खिंडीत पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. विश्रामगृह समोरच होतं, पण आधी लागत होतं बहिणींचं घर, आणि घराबाहेर एक लांब दगडी बाक. दोघी त्यावर टेकल्या. छत्री मिटली. थोरलीने पाय लांब केले आणि समाधानाने उसासा टाकला.

"पोचवलंत बाई सुखरूप," ती मिनिटसाहेबांना म्हणाली. "आता परतीची सांगा."

"परतीची?"

"हो. मंगळवारी मला बाजारात उतरायचंय. आणि तुम्हीपण काय दीपगृहावर राहणार थोडेच. परतीची गाडी किती वाजता?"

मिनिटसाहेबांनी खिशातून चुरगळलेला तक्ता काढला, तळहातावर सारखा केला. शनिवार, रविवार, सोमवार... शुक्रवार, दीपगृह, पोच साडेपाच. त्यांनी कागद उलटला. पाठ कोरी होती. त्यांनी परत सुलटा केला, परत उलटला, जसा कुणी रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो गाड्या सोडल्या होत्या आणि एकही परत आणल्याशिवाय सोडली नव्हती. आठ वर्षांत पाच वेळापत्रकं, सूर्योदय-सूर्यास्तासकट, नाडीसकट. पाचही वेळा ते स्वतःला आणि बायकोला दीपगृहापाशी नेत होते आणि तिथेच सोडून देत होते. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला त्यांना कामावर हजर व्हायचं होतं. शहाण्णव किलोमीटर.

"परतीची..." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "परतीची नाहीये."

"नाहीये म्हणजे?" धाकटी म्हणाली.

वहिनींनी त्यांच्या हातातला कागद घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला. आणि त्या हसायला लागल्या. आधी गालात, मग खांद्यांनी, मग पोट धरून, इतक्या की खिंडीतून ते हसू पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आलं. मिनिटसाहेब आधी गंभीरपणे उभे राहिले. मग त्यांचाही एक खांदा हलला. मग दुसरा.

"नाहीये म्हणजे नाहीये, आजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "सरका बघू थोड्या. आम्हालाही बसू द्या."